भिंतीआडून गाणाऱ्या बायका



आज मी तुम्हाला फार लांबच्या बायकांची गोष्ट सांगणार आहे. देश इटली. काळ चारशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता तेव्हाचा. या बायका गायच्या, वाद्यं वाजवायच्या, स्वतः संगीत रचायच्या, आणि त्यातल्या काहींनी ते छापूनही आणलं. त्यांना ऐकायला परगावची माणसं येत. पण ऐकणाऱ्यांना त्यांचा चेहरा दिसत नसे, कारण मधे भिंत होती. पुढे ते गाणं बंद पडलं, पुस्तकं कपाटात गेली आणि कितीतरी पिढ्या कुणी ती उघडून गायली नाहीत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र ती पुन्हा गायली जाऊ लागली आहेत, आणि गाणाऱ्याही बायकाच आहेत.

आमच्या एका गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "ताई, ते चर्चमधलं गाणं, ती परकी भाषा, आपल्याला त्याचं काय?" मी म्हटलं, आधी ऐका, मग ठरवू. तुम्हालाही तेच सांगते.

आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी शाळा डोळ्यांसमोर येते. मूळ अर्थ तो नाही. कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या संन्यासिनींचा मठ. या संन्यासिनींना नन म्हणतात, हाक मारताना सिस्टर म्हणतात. दवाखान्यातल्या नर्सबाईंना आपण सिस्टर म्हणतो ना, तो शब्दही यांच्यापासूनच आला, कारण युरोपात आजाऱ्यांची सेवा बरीचशी याच करत.

आता प्रश्न असा, की त्या काळच्या इटलीत इतक्या मुली मठात का जायच्या? काही मनापासून जायच्या, हे खरं आहे. पण मोठ्या संख्येने मुली पाठवल्या जायच्या, आणि त्याचं कारण तुम्हाला वेगळं सांगायला नको. हुंडा. मोठ्या घराण्यांत लग्नाचा हुंडा वर्षागणिक वाढत चालला होता. मठात मुलगी द्यायची तरी हुंडा द्यावा लागे, पण तो लग्नाच्या हुंड्यापेक्षा बराच कमी. मग बाप हिशेब करायचा. चार मुली असतील तर एकीचं लग्न, बाकीच्या मठात. मिलानसारख्या शहरात तर खानदानी घरांतल्या बहुतेक मुली मठातच जात होत्या. व्हेनिसच्या मठातली आर्कान्जेला ताराबोत्ती नावाची नन होती, १६०४ ते १६५२ हा तिचा काळ. तिने या सक्तीवर पुस्तकच लिहिलं. मुलीला विचारल्याशिवाय मठात ढकलणाऱ्या बापांना तिने त्यात जुलमी म्हटलं आहे. हे पुस्तक छापलं गेलं ते ती गेल्यानंतर, १६५४ मध्ये.

पूर्वी मठातल्या बायका थोड्याफार बाहेर येऊ-जाऊ शकत. पण १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट नावाच्या गावी ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषद झाली आणि तिने नियम कडक केले. एकदा नन झालेल्या बाईने मठाचा उंबरठा ओलांडायचा नाही. १५६६ मध्ये पोपने ते आणखी कडक केलं. रस्त्याकडच्या खिडक्या बुजवल्या गेल्या, भिंती उंच झाल्या. घरचं माणूस भेटायला आलं तर लोखंडी जाळीतून बोलायचं. बाहेरून काही आत द्यायचं असेल तर भिंतीत एक लाकडी फिरतं पिंप बसवलेलं असे. बाहेरच्याने त्यात वस्तू ठेवायची, पिंप फिरवायचं, आतली ती घ्यायची. हाताला हात लागायला नको.

आणि मठाचं चर्च होतं दोन भागांचं, एक बाहेरचं, एक आतलं. बाहेरच्या भागात गावची माणसं बसायची, आतल्या भागात नन. मधे भिंत, आणि भिंतीत जाळी बसवलेली खिडकी. त्या जाळीतून आवाज तेवढा बाहेर येई.

हे आवाजाचं प्रकरण धर्माधिकाऱ्यांना फार सतावत असे. माणसाला कोंडता येतं, आवाजाला कसं कोंडणार? म्हणून नियमावर नियम निघाले. बाहेरचा गाण्याचा मास्तर आत यायचा नाही. ऑर्गन चालेल, बाकी वाद्यं नकोत. एकीनेच गायचं नाही, नाहीतर लोक देवाऐवजी तिच्याकडेच लक्ष देतील. बोलोन्या शहरात आर्चबिशप पालेओत्ती यांच्या काळात, १५८०च्या सुमारापासून, असे हुकूम पुन्हा पुन्हा निघालेले दिसतात. आता तुम्हीच सांगा, एकच हुकूम पुन्हा पुन्हा का काढावा लागतो? पहिला कुणी पाळलेला नसतो म्हणून. ग्रामपंचायतीच्या पाट्यांवरून आपल्याला हे चांगलं माहीत आहे.

सगळेच अधिकारी असे नव्हते. मिलानचे कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांना ननांचं गाणं आवडे. ते त्यांना वाद्यं आणि संगीताची पुस्तकं पाठवत. म्हणजे एका शहरात जे पाप, तेच दुसऱ्या शहरात पुण्य. वर बसलेला माणूस कसा आहे, यावर सगळं अवलंबून.

मठांनाही गाणं हवंच होतं, त्याला सरळ व्यवहाराचं कारण होतं. गाणं चांगलं असलं की चर्चमध्ये गर्दी होई, देणग्या येत, मठाचं नाव होई. म्हणून चांगली गाणारी किंवा ऑर्गन वाजवणारी मुलगी आली तर मठ तिचा हुंडा कमी करायचा, कधी पूर्ण माफही करायचा. हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ तिथेच थांबले. बाईच्या अंगातल्या कलेची रोख किंमत धरली गेली, आणि ती चक्क हुंड्यातून वजा झाली, असं उदाहरण मला दुसरं आठवेना.

गरिबांच्या मुली गाणं शिकायच्या कुठे हा प्रश्न राहतोच, पण शिकणारी कशीही शिकते. फेर्रारा शहरात आलेओत्ती नावाच्या एका स्थापत्यकाराच्या घरी मोठ्या मुलीला संगीताची शिकवणी होती. धाकटी व्हित्तोरिया चार-पाच वर्षांची, नुसती शेजारी बसायची. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एक दिवस ती वाद्याशी गेली आणि वाजवायलाच लागली. वडिलांनीच हे लिहून ठेवलं आहे. तिला पुढे सान व्हितो नावाच्या मठात पाठवलं. याच घरच्या राफाएला आलेओत्तीने १५९३ मध्ये देवळातल्या गाण्यांचं पुस्तक छापलं. बाईच्या नावाने छापलेलं धार्मिक संगीताचं हे पहिलं पुस्तक मानतात. राफाएला आणि व्हित्तोरिया या बहिणी, की एकाच मुलीची आधीची आणि मठातली नावं, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडू देत.

याच सान व्हितो मठातला वाद्यवृंद एका बोत्तरिगारी नावाच्या जाणकाराने ऐकला आणि १५९४ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. तेवीस बायका एकामागून एक शांतपणे आल्या, लांब टेबलाभोवती आपापलं वाद्य घेऊन बसल्या. टेबलाच्या एका टोकाला प्रमुख बाई. तिच्या हातात लांब, बारीक, गुळगुळीत छडी. तिने छडीने खूण केली आणि सगळ्या एकदम सुरू झाल्या. तंतुवाद्यं होती, वीणेसारखी वाद्यं होती, आणि त्याला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते फुंकून वाजवायच्या वाद्यांचं. त्यातली कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन ही फार अवघड समजली जात, ती या बायका सहज वाजवत होत्या. कॉर्नेट म्हणजे थोडी वाकडी लाकडी नळी, वरून कातडं गुंडाळलेलं. बोटांसाठी सनईसारखी भोकं, पण तोंड लावायचं ते तुतारीसारखं. छातीत दम लागतो त्याला.

आता बोलोन्याच्या सांता क्रिस्तिना मठाकडे जाऊ. माझी खरी गोष्ट तिथली आहे.

लुक्रेत्सिया ओर्सिना व्हित्साना. जन्म १५९०. ती आठ वर्षांची असताना आई वारली आणि १५९८ मध्ये तिला या मठात आणून सोडलं. आत तिच्या सख्ख्या मावश्या होत्या, त्यामुळे अगदीच परकं घर नव्हतं. त्यातली मावशी कामिल्ला ऑर्गन वाजवायची. तिच्याच हाताखाली लुक्रेत्सिया शिकली असावी. त्यानंतर लुक्रेत्सिया कधीच बाहेर आली नाही. चौसष्ट वर्षं. १६६२ मध्ये तिथेच गेली.

१६२३ मध्ये व्हेनिसला तिचं पुस्तक छापलं गेलं. त्यात वीस रचना आहेत, बऱ्याचशा एका किंवा दोन आवाजांसाठी आणि साथीला वाद्य. बोलोन्यातल्या ननांपैकी छापील पुस्तक निघालेली ती एकटीच. एरवी असं पुस्तक कुणा सरदाराला किंवा कार्डिनलला अर्पण करायची रीत होती, कारण छपाईचे पैसे सुटायचे असत. लुक्रेत्सियाने ते आपल्याच मठातल्या बायकांना अर्पण केलं.

संगीत कसं होतं? अगदी त्या काळचं नवं. बाहेर मोन्तेव्हेर्दीसारखे मोठे संगीतकार ज्या नव्या वळणाने लिहीत होते, ते वळण तिच्या गाण्यात स्पष्ट आहे. दुःखाचा शब्द आला की सूर मुद्दाम एकमेकांना टोचतात, मग हळूच सुटतात. बाहेरचं गाणं ऐकायला न मिळालेल्या बाईपर्यंत हे नवं वळण पोचलं कसं? छापील पुस्तकांतून, जाळीपलीकडच्या कुणाच्या तोंडून, त्या फिरत्या पिंपातून आलेल्या कागदांतून. तिने निवडलेल्या शब्दांमध्ये एक जुनं स्तोत्र आहे, ज्यात भक्त देवाला विचारतो की तू मला आणखी किती काळ विसरणार आहेस. हे स्तोत्र कुणीही निवडलं असतं. पण त्याच काळात मठात जे चाललं होतं ते कळलं की ती निवड वेगळी वाटायला लागते.

मठात फूट पडली होती. मैत्रिणींनो, इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. सगळ्या चांगल्या घरच्या, शिकलेल्या, गुणी बायका. एकत्र राहणं, एकत्र जेवणं, मठाची प्रमुख निवडायची ती मतदानाने, दर तीन वर्षांनी. आपल्या गटासारखीच पद्धत म्हणा. पण कुणाचं गाणं पुढे, कुणाचा मान मोठा, कुणाचं नाव झालं आणि कुणाचं राहिलं, यावरून रुसवे वाढत गेले. एमिलिया ग्रास्सी नावाची एक वजनदार, गाणारी नन होती. चेचिलिया बियान्की नावाची दुसरी तिच्यावर जळायची. १६२२च्या सुमारास रोमला निनावी पत्रं गेली. मठात असं चालतं, तसं चालतं, संगीताच्या नावाखाली शिस्त मोडली आहे, वगैरे वगैरे.

रोमहून चौकशी आली. आर्चबिशपचे अधिकारी आले, एकेकीला बोलावून जबान्या घेतल्या. त्या जबान्यांचे कागद आजही आहेत. आतापर्यंत हा मठ कामाल्दोली पंथाच्या साधूंच्या देखरेखीखाली होता आणि बायकांना ते बरं वाटे, कारण ते फार लक्ष घालत नसत. आर्चबिशप लुदोव्हिसी यांना मठ आपल्या हाताखाली हवा होता. चौकशीने त्यांना वाट मिळाली.

मी गटांचं काम करते म्हणून मला हे फार ओळखीचं वाटलं. आतलं भांडण आत मिटलं नाही की बाहेरचा न्यायाधीश येतो, आणि तो न्याय करायला आला तरी जाताना किल्ल्या घेऊन जातो. कर्जाचा हप्ता थकल्याने गट मोडलेला मी क्वचित पाहिला आहे. "अध्यक्षबाई माझ्याशी बोलल्या नाहीत" यावरून मोडलेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

पण सांता क्रिस्तिनाच्या बायकांचं पुढचं वागणंही सांगितलं पाहिजे. हक्क जातो आहे हे कळल्यावर बहुतेक जणी एक झाल्या. अर्जांवर अर्ज लिहिले, रोमला लिहिले, ओळखीपाळखीच्या मोठ्या माणसांना लिहिले. वर्षानुवर्षं आर्चबिशपपुढे मान तुकवली नाही. एकदा तर त्यांची माणसं मठाशी आली तेव्हा या बायकांनी भिंतीवरून दगडविटांचा मारा करून त्यांना हटवलं. उंबरठा ओलांडायचा नाही, असा नियम होता. भिंतीवर चढायचं नाही, असा नव्हता! अखेर बराच काळ झुंजल्यावर त्यांना आर्चबिशपचा अंमल मान्य करावा लागला.

आणि लुक्रेत्सिया? १६२३ नंतर तिचं एकही पुस्तक नाही. तिची रचलेली दुसरी एक ओळही सापडलेली नाही. या सगळ्या तंट्यांत तिचं डोकं फिरलं, असा उल्लेख जुन्या कागदांत आहे. ती तेहतिसाव्या वर्षी छापली गेली आणि पुढची एकोणचाळीस वर्षं गप्प राहिली. मठात काय झालं याच्या जबान्या शेकड्याने आहेत, पण तिच्या गप्प बसण्याबद्दल तिला विचारल्याचं कुठे दिसत नाही.

याच मठातली आणखी एक गंमत सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ताईंनी रडवलंच. १७०८ सालच्या कार्निव्हलमध्ये, म्हणजे आपल्या शिमग्यासारख्या धामधुमीच्या दिवसांत, क्रिस्तिना काव्हात्सा नावाची गाणारी नन पुरुष पाद्र्याच्या वेशात मठातून निसटली. कुठे गेली? नाटक बघायला. संगीत नाटक, ऑपेरा. रात्री गेली, परत आली, एकदाच नाही. शेवटी पकडली गेली. शिक्षा मोठी झाली, बोलोन्यातून दूरच्या गावी पाठवलं, आणि परत यायला तिला कितीतरी वर्षं अर्ज करत राहावं लागलं. जन्मभर गाणाऱ्या बाईला दुसऱ्यांचं गाणं एकदा खुर्चीत बसून ऐकावंसं वाटलं, एवढाच तो गुन्हा.

मिलानमध्ये चित्र जरा वेगळं होतं. मोठ्या कॅथीड्रलच्या अगदी शेजारी सांता रादेगोंदा मठ होता. तिथली क्यारा मार्गारीता कोत्सोलानी १६०२ मध्ये जन्मली आणि अठराव्या वर्षी नन झाली. १६४० ते १६५० या दहा वर्षांत तिची चार पुस्तकं छापली गेली. १६५०च्या पुस्तकात आठ आवाजांची संध्याकाळच्या प्रार्थनेची गाणी आहेत, दोन बाजूंनी एकमेकींना उत्तर देत गायची. नंतर ती मठाची प्रमुख झाली. आर्चबिशप आल्फोन्सो लित्ता यांनी गाण्यावर बंधनं आणायला सुरुवात केली तेव्हा गाण्याच्या बाजूने जो गट उभा राहिला त्यात ती पुढे होती. प्रमुखपदी आल्यावर तिचं स्वतःचं नवं पुस्तक काही निघालं नाही. पदाचं काम आणि स्वतःचं काम, दोन्ही एका दिवसात मावत नाहीत. आपल्याकडे सरपंच झालेल्या बायांना विचारा.

नोव्हारा गावच्या इझाबेल्ला लेओनार्दाने मात्र मावून दाखवलं. १६२० मध्ये जन्म, सोळाव्या वर्षी मठात, आणि १७०४ मध्ये मरेपर्यंत तिची वीस पुस्तकं निघाली, जवळजवळ दोनशे रचना. मठाचा कारभारही तिच्याकडे होता. एका पुस्तकाच्या सुरुवातीला तिने खुलासा केला आहे की कामाच्या वेळेत मी संगीत लिहीत नाही, विश्रांतीच्या वेळेत लिहिते. दोनशे रचना केलेल्या बाईला हे सांगावं लागलं! १६९३ मध्ये तिने नुसत्या वाद्यांसाठीच्या रचनाही छापल्या. असं करणारी ती पहिली बाई.

हे सगळं आपल्यापासून तसं लांब, पण एक धागा जवळ येतो. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठ आहे. १६०६ मध्ये तो सुरू झाला. पोर्तुगिजांच्या राज्यातला, आशियातला अगदी सुरुवातीचा ननांचा मठ. तिथेही हेच नियम होते, तिथेही जाळी होती आणि जाळीमागे गाणं होतं. ती अवाढव्य इमारत आजही उभी आहे. देवदर्शनाला किंवा सहलीला गोव्याला गेलात तर नुसतं समुद्राकडे पळू नका, ती भिंत बघून या.

१७९६ मध्ये नेपोलियनचं सैन्य बोलोन्यात शिरलं. पुढच्या काही वर्षांत इटलीभर मठ बंद केले गेले, जमिनी आणि इमारती सरकारजमा झाल्या, ननांना घरी पाठवलं. ज्यांना घर उरलं नव्हतं त्यांना कुठेतरी पाठवलं. सांता क्रिस्तिनाच्या इमारतीत पुढे सैनिक राहायला आले. मिलानचा सांता रादेगोंदा मठ तर पाडलाच गेला. आज फक्त गल्लीला त्याचं नाव आहे. त्याच गल्लीत १८८३ मध्ये युरोपातल्या पहिल्या वीजनिर्मिती केंद्रांपैकी एक सुरू झालं. नव्या दिव्यांच्या उजेडात मठाची आठवण कुणाला राहणार.

मग ही गाणी वाचली कशी? छापलेली होती म्हणून. पुस्तकं व्हेनिसहून निघून निरनिराळ्या गावी गेली होती. बोलोन्यात अठराव्या शतकात पाद्रे मार्तीनी नावाचे एक साधू होते. त्यांना जुनी संगीताची पुस्तकं जमवायचं वेड होतं. त्यांचा प्रचंड संग्रह आज शहराच्या संगीत संग्रहालयात आहे. पुस्तकं होती, पण वाचणारं कुणी नव्हतं. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्यांचं उलटं झालं होतं. त्या तोंडी होत्या, लिहिलेल्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या लिहून घेतल्या म्हणून त्या उरल्या. तिकडे कागद उरला होता, गळा हरवला होता.

१९८०-९०च्या सुमारास क्रेग मॉन्सन आणि रॉबर्ट केंड्रिक या अमेरिकन अभ्यासकांनी बोलोन्या आणि मिलानच्या मठांचे कागद काढायला सुरुवात केली. व्हॅटिकनमधल्या तक्रारअर्जांच्या गठ्ठ्यांत मॉन्सन वर्षानुवर्षं बसले. व्हित्सानाची गोष्ट त्यांनी १९९५ मध्ये पुस्तकरूपात आणली. एवढ्याने इतिहास कळतो, पण गाणं ऐकू येत नाही.

ते काम केलं कँडेस स्मिथ या गायिकेने. मूळची अमेरिकेची, राहायला बोलोन्यात. तिने १९९१ मध्ये तिथे बायकांचा एक गानवृंद सुरू केला, कापेल्ला आर्तेमिझिया. ठरवलं असं, की इटलीतल्या मठांचं संगीतच गायचं, आणि मठात जसं गायलं जाई तसं, बायकांच्याच आवाजात.

यात एक मोठी अडचण होती. त्या काळच्या छापील रचनांत चार आवाज असतात, वरच्या पट्टीपासून खर्जापर्यंत. खालच्या दोन ओळी पुरुषांच्या. मठात पुरुष कुठून आणणार? पूर्वी अभ्यासक म्हणायचे, मग ही गाणी मठासाठी नसतीलच. कँडेस स्मिथ आणि तिच्या सोबतिणींनी जुने कागद नीट वाचले आणि गाऊन पाहिलं, तेव्हा वाट दिसली. खालची ओळ कधी एक सप्तक वर चढवून बाईच गाते. कधी सगळं गाणंच वरच्या पट्टीत नेतात. कधी खर्जाची ओळ गायचीच नाही, ती ऑर्गनवर किंवा मोठ्या गजाच्या वाद्यावर वाजवायची. बोलोन्याच्या आर्चबिशपांनी बाकीची वाद्यं बंद केली तरी खर्जाची जागा भरायला ननांना एक असं वाद्य ठेवू दिलं होतं, ते याचसाठी. शिवाय काही मठांत खरोखर खालच्या आवाजात गाणाऱ्या बायका होत्या, आणि लोक त्यांचं कौतुक करत. आपल्या भजनी मंडळात एखादी मावशी असते ना, भरड्या आवाजाची, जिला लहानपणी कुणी गाऊ दिलेलं नसतं? तशी.

दुसरी अडचण पुस्तकांची. तेव्हा सगळे आवाज एका पानावर छापत नसत. पहिल्या आवाजाचं पुस्तक वेगळं, दुसऱ्याचं वेगळं, साथीच्या वाद्याचं वेगळं. संचातलं एक पुस्तक हरवलं की गाणं लंगडं. साथीच्या पुस्तकात तर नुसती खालची सुरावट आणि डोक्यावर आकडे. त्या आकड्यांवरून वाजवणारीने बाकीचे सूर आपल्या मनाने भरायचे. म्हणजे निम्मं गाणं कागदावर, निम्मं वाजवणारीच्या बोटांत. ती बोटं गेली की नव्याने शिकावं लागतं.

आणि वाद्यं. आजचं व्हायोलिन, आजचा पियानो त्या गाण्याला जड होतो. म्हणून संग्रहालयातले नमुने आणि जुनी चित्रं बघून त्या काळची वाद्यं कारागिरांनी पुन्हा घडवली. तारा लोखंडाच्या नाहीत, आतड्याच्या, आपण तात म्हणतो त्या. लांब मानेचं थेऑर्बो, पेटीएवढा छोटा ऑर्गन, कॉर्नेट. आवाज लहान, पण शब्द झाकला जात नाही.

या गानवृंदाने व्हित्साना, कोत्सोलानी, राफाएला आलेओत्ती यांची गाणी रेकॉर्ड केली. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को भागातल्या मॅग्निफिकॅट नावाच्या गटाने कोत्सोलानीच्या गाण्यांचं काम हाती घेतलं. इंग्लंडमधल्या म्युझिका सेक्रेता या बायकांच्या गटानेही व्हित्साना गायली. व्हित्सानाच्या पुस्तकाची प्रत कधी कुणी उघडली असेल-नसेल, आज फोनवर तिचं नाव टाकलं की ऐकायला मिळते. "इतकं जुनं गाणं कोण ऐकणार" असं या सगळ्यांना कुणी ना कुणी म्हणालंच असेल.

ऐकताना घाई करू नका. पहिल्यांदा सगळं संथ आणि एकसारखं वाटेल. शब्द लॅटिन आहेत, ते कळणार नाहीत. एकच करा. वरच्या आवाजाकडे लक्ष न देता खालच्या वाद्याची ओळ धरा. ती सापडली की वरच्या दोघी एकमेकींच्या अंगावर कशा येतात, टोचतात आणि मोकळ्या होतात, ते आपोआप ऐकू येतं. आमच्या बैठकीत मी फोनला छोटा स्पीकर लावून व्हित्सानाचं एक गाणं ऐकवलं. सुरुवातीला कुजबुज होती, मग थांबली. त्याच काकू म्हणाल्या, "ही रडत नाही, भांडतेय देवाशी." मी तोवर त्यांना शब्दांचा अर्थ सांगितला नव्हता.

बोलोन्याच्या सांता क्रिस्तिना मठाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सैनिक गेले, इमारत बरीच वर्षं पडून होती, मग दुरुस्त केली. आता तिथे विद्यापीठाचा कला विभाग आहे, चर्चमध्ये मैफली होतात. आणि मठाच्या इमारतीतच इटलीचं स्त्रियांचं ग्रंथालय आहे. बायकांनी लिहिलेली आणि बायकांविषयीची हजारो पुस्तकं तिथे आहेत. रस्त्याकडचं दार उघडं असतं, कुणीही आत जाऊन वाचत बसावं आणि वाचून झालं की बाहेर यावं.